घरखरेदीत परसाची दिशा : चतुःसीमा, शास्त्र व अकोटची भूमी

जुन्या दप्तरांच्या याद्या चाळताना वतनपत्रे, महजर व निवाडे यांस पानेच्या पाने दिलेली आढळतात. घराच्या खरेदीखतास मात्र बहुधा एकच ओळ मिळते. घेणार कोण, देणार कोण, मिती, किंमत, साक्षी, एवढे नोंदले की संग्राहक पुढल्या कागदाकडे वळतो. चतुःसीमा उतरून घेण्याचे श्रम फारच थोडे घेतात. वास्तविक गावात विहिरी कोठे होत्या, परसे कोणत्या अंगास होती, कोणती बोळे बुजली व कोणत्या वाटा रुंदावल्या, ही माहिती त्याच चार ओळींत शिल्लक असते. वाडा पडतो, विहीर बुजते, झाड तुटते, चतुःसीमा राहते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर आज घर विकत घेणारा मनुष्य दिशेची चौकशी पूर्वीपेक्षा कमी करितो असे नाही, उलट अधिकच करितो. घर कोणत्या तोंडाचे, परस कोणीकडे, विहीर वा कूपनलिका कोणत्या कोपऱ्यात, हे विचारल्याखेरीज तो बयाणा देत नाही. दक्षिणमुखी म्हटले की चांगले घरही त्याच्या मनातून उतरते. ही चौकशी करणारा शास्त्राचे नाव घेतो, आणि जुन्या कागदांचा अभ्यासक त्याच दिशा चतुःसीमेत वाचतो. पण दिशेचा शब्द नेमका कशाविषयी आहे हे दोघेही पुष्कळदा निश्चित करून घेत नाहीत. तो घोटाळा दूर व्हावा व अकोटच्या भूमीवर हे नियम लावून पाहता काय निष्पन्न होते हे वाचकांपुढे यावे, यासाठी हा लेख लिहीत आहोत.

१. दिशा कोणाची?

परस म्हणजे घराच्या पाठीमागील आवारातील मोकळी जागा; तुळस, केळ, लिंबू, कढीलिंब, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारे अळू आणि बहुधा एक विहीर असे तिचे रूप असते. या जागेसंबंधी दिशेचा उल्लेख तीन निरनिराळ्या अर्थांनी होतो.

पहिला अर्थ घराच्या मुखाचा. घर पूर्वाभिमुख म्हणजे त्याचा दरवाजा पूर्वेस. दुसरा अर्थ परसाच्या स्थानाचा. परस घराच्या कोणत्या अंगास आहे, एवढेच त्यात सांगितलेले असते. तिसरा अर्थ उजेडाचा. परसावर ऊन कोणत्या बाजूने येते व भिंतीची सावली कोणीकडे पडते, हा त्यातील प्रश्न.

परस घराच्या पाठीशी असल्यामुळे पहिला व दुसरा अर्थ नेहमी परस्परविरुद्ध पडतात. पूर्वाभिमुख घराचे परस पश्चिमेस आणि दक्षिणमुखी घराचे परस उत्तरेस. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगावी लागू नये. परंतु घराच्या मुखाविषयीचा नियम परसास लावणे व परसातील पाण्याविषयीचा नियम घराच्या मुखास लावणे, हे नित्य घडते.

इंग्लंडात घर घेणारे लोक बाग दक्षिणेस आहे किंवा कसे हे आवर्जून विचारतात. त्यांचा प्रश्न दुसऱ्या व तिसऱ्या अर्थाचा आहे. घराच्या मागील भिंतीशी पाठ करून उभे राहिले असता बाग दक्षिणेकडे पसरत असेल, तर तिला दिवसभर ऊन मिळते. ऑस्ट्रेलियात सूर्य मध्यान्ही उत्तरेस असल्यामुळे हीच मागणी उत्तरेच्या बागेची होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बागेची उत्तम दिशा ही सर्व पृथ्वीवर एक नाही. ती अक्षांशावर अवलंबून आहे. वऱ्हाडात ती कोणती, याचा विचार पुढे करू.

२. चतुःसीमेचे वाचन

चतुःसीमा म्हणजे विकलेल्या जागेच्या चारही अंगांस काय आहे याचे कथन. येथे मुख्य सूत्र असे की, चतुःसीमेत ज्याचे नाव येते ते विकलेल्या जागेच्या बाहेर असते. हे सूत्र विसरल्यास परसाविषयी अनर्थ ओढवतो. समजुतीसाठी दोन मजकूर आम्ही येथे कल्पून देतो. पहिल्यात असे आहे : घर दरोबस्त, पूर्वेस बोळ, पश्चिमेस अमक्याचे घर, दक्षिणेस रहदारीचा रस्ता, उत्तरेस परस व विहीर. दुसऱ्यात असे : घर, मागील परस, विहीर व झाडझाडोऱ्यासुद्धा, पूर्वेस बोळ, पश्चिमेस अमक्याचे घर, दक्षिणेस रहदारीचा रस्ता, उत्तरेस तमक्याची बखळ.

दोन्ही कागदांत उत्तरेकडे परस आहे. घाईने यादी करणारा दोहोंपुढे ‘उत्तरेस परस असलेले घर’ असे लिहील. पण पहिल्या कागदाने परस विकले गेलेले नाही. ते सीमा म्हणून आले आहे, म्हणजे देणाऱ्याने ते आपल्याकडे ठेविले किंवा ते मुळातच दुसऱ्याचे होते. दुसऱ्या कागदात परस विक्रीच्या वस्तूंत मोजलेले असून सीमा त्याच्या पलीकडची आहे. पहिल्या कागदावर विसंबून ज्याने घर घेतले, त्याला विहिरीवर पाणी भरण्याचा हक्कही निराळा सिद्ध करावा लागेल. भाऊवाटणीनंतर विकलेल्या घरांत असे कागद विशेष संभवतात, कारण घर एकाकडे व परस दुसऱ्याकडे अशी वाटणी होऊ शकते.

हा भेद आजही निर्जीव झालेला नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा अद्याप चालू आहे. त्याच्या ८ व्या कलमात जमीन दिली असता जमिनीशी जोडलेल्या वस्तू तिच्याबरोबर जातात असे सांगितले आहे. घर दिले असता कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या वगैरे घराबरोबर जातात असे म्हटले आहे. परसाचे नाव त्या यादीत नाही. ते हवे असेल तर खतात लिहिलेले असावे. नोंदणीच्या १९०८ च्या कायद्याचे २१ वे कलम तर दिशेचाच उल्लेख करिते : शहरातील घराचे वर्णन ते कोणत्या रस्त्याच्या उत्तरेस किंवा अन्य कोणत्या बाजूस आहे हे सांगून करावे, असा तेथे नियम आहे. क्षेत्रफळ आणि सीमा यांत विरोध आला असता न्यायालये सामान्यतः सीमेस अधिक वजन देतात, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सीमा जाहीर करून विक्री करण्याची रीत आपल्याकडे फार पुरातन आहे. १९०९ साली म्हैसूर येथे शामशास्त्री यांनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाचे प्रकरण आहे. घर विकत घेण्याचा पहिला अधिकार ज्ञातींचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा असा क्रम तेथे दिला असून, चाळीस शेजारी कुळांसमक्ष घरापुढे विक्रीची घोषणा करावी असे सांगितले आहे. शेत, आराम म्हणजे बाग, बांध व तळे यांच्या मर्यादा शेजारी व ग्रामवृद्ध यांच्यादेखत सांगाव्या असेही तेथे आहे. बाग ही घरापासून स्वतंत्र गणलेली वस्तू होती, हे यावरून दिसते.

वऱ्हाडातील कागद वाचणाऱ्यास आणखी तीन सावधगिरीच्या सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी. हा प्रांत १८०३ पर्यंत निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुअंमलाखाली होता, पुढे निजामाकडे राहिला व १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात गेला. त्यामुळे एकाच घराचे कागद फारसी, मोडी व पुढे छापील मुद्रांकावर असे तीन प्रकारचे असू शकतात, आणि प्रत्येकात दिशांचा क्रम निराळा असू शकतो. कोणी पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर असा लिहितो, कोणी पूर्वेपासून प्रदक्षिणेने जातो. कागद फाटून दिशेचा शब्द गेला असता क्रमावरून तो भरून काढण्याचा मोह टाळावा. दुसरी सूचना संक्षेपाची. मोडीत ‘प॥’ हा संक्षेप परगण्यासाठी सर्रास येतो. चतुःसीमेच्या आसपास तो दिसल्यास त्यास पश्चिम समजू नये.

तिसरी सूचना पडताळ्याची, व ती सर्वांत उपयोगी आहे. शेजारच्या दोन घरांचे कागद परस्परांचे साक्षी असतात. एकाच्या पश्चिमेस दुसऱ्याचे घर असेल, तर दुसऱ्याच्या पूर्वेस पहिल्याचे घर असलेच पाहिजे. ज्याचे स्वतःचे खत हरवले आहे, त्याच्या परसाची जागा शेजाऱ्याच्या सीमेवरून निघते. म्हणून एका गल्लीतील खते एकत्र ठेवावी. ती वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली की हा पडताळा कायमचा नाहीसा होतो.

३. शास्त्रात काय आहे?

वास्तुविषयक मत सांगताना ज्या ग्रंथाचा आधार बहुधा घेतला जातो, तो सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता होय. केर्न यांनी ती १८६५ साली कलकत्त्यास छापली आणि भटोत्पलाच्या टीकेसह सुधाकर द्विवेदी यांनी काशीस प्रसिद्ध केली. तिच्या वास्तुविद्याध्यायात परसाशी संबंध असलेले विषय चार आहेत : पाणी, वृक्ष, वेध व उतार.

पाण्याविषयी ग्रंथकार आठही दिशांचे फळ सांगतो. पूर्वेपासून वायव्येपर्यंतच्या सहा दिशांस पाणी असणे तो अनिष्ट मानतो. उत्तरेस असता धनवृद्धी व ईशान्येस असता संततिवृद्धी, अशी दोनच शुभफळे आहेत. आता वर सांगितलेला पहिल्या व दुसऱ्या अर्थांचा विरोध येथे लावून पाहावा. परस घराच्या मागे व विहीर परसात, ही सामान्य रचना धरिली, तर उत्तरेस पाणी कोणत्या घरास लाभते? दक्षिणमुखी घरास. पूर्वाभिमुख घराचे मागील परस पश्चिमेस येते आणि पश्चिमेचे पाणी ग्रंथकारास मान्य नाही. ईशान्य साधावयाची तर अशा घराची विहीर पुढील अंगणात आणावी लागते. म्हणजे जे दक्षिणमुखी घर लोक नावानेच टाकतात, त्याचेच मागील परस पाण्याच्या बाबतीत शास्त्राच्या सर्वांत जवळ आहे. एकाच ग्रंथाच्या नावाने घर नाकारावे व त्याच ग्रंथातील पाण्याचा नियम पाहू नये, हे सुसंगत नव्हे.

वृक्षांविषयी चार नावे सांगितली आहेत. पिंपरी उत्तरेस, वड पूर्वेस, उंबर दक्षिणेस व पिंपळ पश्चिमेस प्रशस्त. हेच वृक्ष अनुक्रमे दक्षिण, पश्चिम, उत्तर व पूर्व या दिशांस अशुभ. काटेरी, चिकाचे व फळांचे वृक्ष घरालगत नसावेत. आणि ते तोडवत नसतील, तर त्यांच्या मधून पुन्नाग, अशोक, निंब, बकुळ, फणस, शमी व शाल यांपैकी वृक्ष लावावेत, अशी तडजोडही आहे. ही तडजोड वाचकांनी लक्षात ठेवावी. जुने झाड तोडण्यास शास्त्राचा आधार शोधणारे लोक नियमाचा पूर्वार्ध उच्चारतात व उत्तरार्ध गाळतात. त्याच ग्रंथातील वृक्षायुर्वेदाध्यायात दोन झाडांमधील अंतर उत्तम २० हात, मध्यम १६ हात व कमीत कमी १२ हात सांगितले आहे. हात दीड फुटाचा धरिल्यास हे ३०, २४ व १८ फूट होतात. पुष्कळशा परसांत एवढ्या अंतराने दोनच वृक्ष मावतील. तेव्हा परसात मोठे झाड एखादेच व बाकी फुलझाडे, ही रीत या मापाशी जुळते.

वेध म्हणजे दारासमोरील अडथळा. रस्ता, झाड, कोपरा, विहीर, खांब इत्यादी दारासमोर आल्यास दोष; परंतु घराच्या उंचीच्या दुप्पट भूमी सोडून ते असतील तर दोष नाही, असे ग्रंथकार स्पष्ट म्हणतो. १५ फूट उंचीच्या घरास ३० फूट अंतर झाले की वेध संपला. येथेही नियमाला माप जोडलेले आहे व ते माप सांगणारे थोडे.

उताराविषयी प्रचलित समजूत अशी की, भूमी उत्तरेस वा पूर्वेस उतरती असावी आणि दक्षिणेचा उतार सर्वस्वी त्याज्य. बृहत्संहितेत चारही दिशांचे उतार चार वर्णांस क्रमाने इष्ट म्हटले आहेत. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा त्या क्रमात दक्षिणेचा उतार वैश्यांच्या वाट्यास येतो. आज त्या वर्णविभागाप्रमाणे कोणी घर घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. दक्षिणेच्या उताराचा सरसकट निषेध त्या प्राचीन ग्रंथात नाही, एवढेच दाखवावयाचे आहे. आणि कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या अकोटास व्यापाऱ्याचा उतार मिळाला, ही योगायोगाची गोष्ट वाचकांस गमतीची वाटेल.

४. अकोटची उतरण व पाणी

अकोटच्या उत्तरेस सातपुडा व त्यावरील नरनाळ्याचा दुर्ग, दक्षिणेस पूर्णा नदी. भूमीची सर्वसाधारण उतरण डोंगराकडून नदीकडे, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे. त्यामुळे ईशान्येस अथवा उत्तरेस उतार असलेली जागा हवी असा आग्रह येथे धरिला, तर तो निसर्गाशी भांडण्यासारखा होतो.

परंतु पाण्याचा नियम याच भूमीवर उत्तम बसतो. विहीर घराच्या उत्तरेस असली की ती चढावर राहते. न्हाणी, मोरी, गोठा यांचे सांडपाणी दक्षिणेकडे उतरते व विहिरीपासून दूर जाते. दक्षिणमुखी घरात रस्ता पुढे, उताराकडे असतो. सांडपाणी पुढल्या गटारास मिळते व मागील परस स्वच्छ राहते. उत्तराभिमुख घराचे याच्या उलट होते. त्याचे परस दक्षिणेस, उताराकडे. घरातील सर्व ओल परसाकडे धावते. केळी व अळवास ती मानवते, पण त्याच परसात विहीर असेल तर पिण्याच्या पाण्यास धोका. म्हणून उत्तराभिमुख घर घेताना विहीर पुढील अंगणात आहे की मागील परसात, हे प्रथम पाहावे. ही उतरण प्रदेशाची आहे. एखाद्या गल्लीत भराव वा नाला यांमुळे ती फिरलेली असू शकते. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत पाणी कोणीकडे वाहते हे उभे राहून पाहिल्यास संशय राहत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या गोडीची. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. अकोट तालुक्याचा दक्षिण भाग त्यात मोडतो. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी भूगर्भातील पाणी गोडे आहे, आणि संत्री व केळी यांच्या बागा तिकडे आहेत. खाऱ्या पाण्यावर लिंबू व संत्रे टिकत नाही. तेव्हा परस कोणत्या दिशेस आहे या प्रश्नाआधी गाव पट्ट्याच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न येतो. जुन्या खतात ‘विहीर गोड्या पाण्याची’ असा खुलासा आढळल्यास तो अलंकार समजू नये. या तालुक्यात त्या दोन शब्दांनी परसाचे मोल ठरते. संग्राहकाने ते शब्द अवश्य उतरून घ्यावेत.

तिसरी गोष्ट मातीची. वसतीची जागा पांढरी व शेताची काळी, हा भेद आपल्या सर्व कागदपत्रांत आहे. पांढरीतील माती शतकानुशतकांच्या राखेची, पडलेल्या भिंतींची. तिच्यात लोणा असतो व झाड सहजी धरत नाही. उलट काळी माती ओल मिळाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. नव्या वसाहती काळीवर झाल्या आहेत. तेथे भिंतीलगत रोज पाणी देऊन बाग केल्यास पाया हलतो व भिंतीस तडा जातो. परस कोणत्याही दिशेस असो, काळीवर भिंत व वाफा यांत अंतर ठेवलेच पाहिजे.

५. सूर्य, सावली व वारा

आता तिसऱ्या अर्थाकडे, म्हणजे उजेडाकडे वळू. अकोटचा अक्षांश सुमारे २१ अंश ६ कला उत्तर आहे. यावरून मध्यान्हीच्या सावलीचे गणित शाळेतील मुलासही करता येईल. डिसेंबरात, उत्तरायणाच्या आरंभी, मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेपंचेचाळीस अंशांवर असतो. त्या वेळी भिंतीची सावली उत्तरेस जवळजवळ भिंतीच्या उंचीइतकी पडते. १५ फूट भिंतीची सावली सुमारे १५ फूट. मार्च व सप्टेंबरात, दिवस व रात्र समान असता, ती पावणेसहा फुटांवर येते. मेच्या शेवटल्या आठवड्यात व जुलैच्या मध्यास सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर असतो व सावली नाहीशी होते. या दोहोंच्या दरम्यान ती दक्षिणेस पडते, पण जूनच्या अखेरच्या दिवसांतही सात-आठ इंचांपलीकडे जात नाही. लंडन येथे डिसेंबरात याच १५ फूट भिंतीची मध्यान्हीची सावली सुमारे ५५ फूट होते. तेथे उत्तरेची बाग हिवाळाभर अंधारात राहते, म्हणून त्यांची दक्षिणेची मागणी योग्य आहे. आमच्या उत्तरेच्या परसास हा दोष केवळ भिंतीलगतच्या पट्ट्यापुरता लागतो. त्या पट्ट्यात न्हाणी, दगडी फरशी, सरपणाची जागा ठेवावी व वाफे त्यापलीकडे करावेत, म्हणजे हिवाळ्यातही मेथी-कोथिंबिरीस ऊन मिळते.

वऱ्हाडात उन्हाची टंचाई नाही. उन्हाचा अतिरेक आहे. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते, तापलेला वाराही पश्चिमेकडून व वायव्येकडून वाहतो. त्यामुळे पूर्वाभिमुख घराचे पश्चिमेकडील परस हे सर्वांत अधिक भाजते. मात्र तेथे मोठे झाड असेल तर ते घराच्या मागील भिंतीचे रक्षण करिते. पश्चिमेचा पिंपळ प्रशस्त, या वचनाशी ही गोष्ट जुळते. परंतु पिंपळाची मुळे भिंत फोडतात, म्हणून लहान परसात त्या जागी निंब अधिक सोयीचा व तोही वराहमिहिराच्या प्रशस्त यादीत आहेच. पश्चिमाभिमुख घराचे परस पूर्वेस येते. त्यास सकाळचे कोवळे ऊन मिळते व दुपारी घराचीच सावली पडते. फुलझाडांस व तुळशीस ही जागा उत्तम. दक्षिणेचे परस हिवाळ्यात उबदार, पण पाण्याची मागणी तेथे अधिक.

दिशा कितपत अचूक, हेही पाहिले पाहिजे. खत लिहिणाऱ्याजवळ होकायंत्र असेलच असे नाही. उगवतीवरून तो पूर्व ठरवी. अकोटास डिसेंबरात व जूनमध्ये उगवतीचे स्थान खऱ्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेस व उत्तरेस सरकते. खरी पूर्व साधण्याची रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे : सपाट भूमीवर शंकू रोवून त्याच्याभोवती वर्तुळ काढावे, आणि सकाळी व दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळास जेथे स्पर्श करील तेथे खुंट्या ठोकाव्या, त्या दोन खुंट्यांना जोडणारी रेघ पूर्वपश्चिम होय. यज्ञवेदीसाठी सांगितलेली ही रीत घराच्या प्रत्येक खतास लावलेली असेल असे मानण्याचे कारण नाही. खतातील ‘पूर्वेस’ म्हणजे चार अंगांपैकी पूर्वेस सर्वांत जवळचे अंग, एवढाच अर्थ घ्यावा. त्या शब्दावरून जुन्या वाड्याचा नकाशा काढताना अंशाअंशाचा आग्रह धरू नये.

६. निष्कर्ष

येथवरच्या विवेचनातून दोन प्रकारच्या वाचकांस उपयोगी पडेल असे थोडक्यात सांगतो. घर घेणाऱ्याने प्रथम खत पाहावे : परस विक्रीच्या वस्तूंत आहे की सीमेत? मग पाणी पाहावे : विहीर चढावर की उतारावर, गोडी की खारी? त्यानंतर ऊन पाहावे : भिंत किती उंच व तिच्यापलीकडे मोकळी भूमी किती? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असता, केवळ मुख दक्षिणेस आहे म्हणून घर टाकण्याचे कारण अकोटात तरी उरत नाही. उत्तरेस परस, चढावर विहीर व पुढे उतरता रस्ता, ही तेथील भूमीस सर्वांत अनुकूल अशी रचना होय, आणि ती दक्षिणमुखी घरासच सहज लाभते.

संग्राहकांस आमची विनंती निराळी आहे. घराचे खत नोंदताना चतुःसीमा चारही दिशांसह जशीच्या तशी उतरावी; विक्रीच्या वस्तू व सीमेच्या वस्तू निरनिराळ्या रकान्यांत लिहाव्या; विहीर, झाड, पन्हळ, मोरी व सांडपाण्याची वाट यांचा एकही शब्द गाळू नये; आणि एका आळीचे कागद एकत्र राहतील अशी व्यवस्था करावी. जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. वाडा विकला की कागदांचे गाठोडे निरुपयोगी ठरते व रद्दीत जाते, कारण नव्या मालकास मिळकतपत्रिका पुरते. मिळकतपत्रिकेत क्षेत्रफळ असते, पण कडुनिंबाखालील गोड्या पाण्याच्या विहिरीस तेथे रकाना नसतो. अकोट, अंजनगाव, अचलपूर या पट्ट्यातील अशी गाठोडी ज्यांच्या दृष्टीस पडतील, त्यांनी ती निदान उतरून घेतल्यावाचून हातची जाऊ देऊ नयेत.